वर्षाला एक मिलिमीटर

गाडी तुम्हाला वीरच्या फलाटावर उतरवते आणि सापे वामनेच्या दिशेनं निघून जाते. तिचा आवाज विरतो आणि पावसाचा आवाज पुढं येतो. जुलै महिना आहे. पत्र्यावरून पागोळ्या लागल्या आहेत, समोरची खाचरं तुडुंब आहेत, लावणी आटोपत आली आहे. रिक्षावाला हाक मारील, पण इतक्यात जाऊ नका. फलाटाच्या टोकाला जी दगडी भिंत आहे तिच्यापाशी जा. भिंतीवर शेवाळ, शेवाळात तेरड्याची कोवळी रोपं, आणि त्यांच्यामधून, अजिबात घाई न करता, एक गोगलगाय वर चालली आहे.

वाका. शंखाचं टोक वर धरून पाहिलं तर बहुतेक गोगलगाईंच्या शंखाचं तोंड उजव्या हाताला येतं. हिचं डावीकडं आहे. कोकणपट्टीत सापडणाऱ्या एरिओफँटा या डावऱ्या कुळातली ही. देव्हाऱ्यातला शंख धरण्याची आपली रीत याच्या उलटी, म्हणून शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतात त्यालाच आपण दक्षिणावर्ती म्हणतो. समुद्रातल्या शंखात हा पीळ इतका दुर्मिळ की लोक त्याची पूजा करतात. आणि इथं तो घेऊन ही बाई स्टेशनच्या भिंतीवर शेवाळ खरवडते आहे.

तिच्या लांब शिंगाला बोट लावा. शिंगाच्या टोकावर तिचा डोळा आहे. हातमोज्याचं बोट आतून ओढून घ्यावं तसा डोळा आत जातो. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. ही हालचाल लक्षात ठेवा, ती शेवटी आठवायची आहे.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आपण आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. तिच्या स्वभावावर तो अन्याय आहे, पण तिच्या शरीराबद्दल ते तंतोतंत खरं आहे: तिचं पोट हाच तिचा पाय. प्राणिशास्त्रानं या साऱ्या वर्गाला ग्रीक भाषेतून जे नाव दिलं त्याचाही अर्थ पोटपाय असाच. मराठी पाठ्यपुस्तकात तो ‘उदरपाद’ झाला. शेताच्या बांधावर बसून आपल्याकडच्या कुणीतरी ते आधीच पाहून ठेवलं होतं.

आता निघू. आपल्याला सावित्रीच्या कडेकडेनं तिच्या उगमाकडं जायचं आहे, आणि त्याच वेळी मागं, काळात. त्यासाठी एक माप बरोबर घ्या. बाणकोटच्या किनाऱ्यापासून महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यापर्यंत सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर अंतर आहे. सह्याद्रीचा हा कडा मुळात किनाऱ्यापाशी होता. पावसानं, ओढ्यांनी त्याला कुरतडलं, तो पूर्वेकडं मागं मागं सरत गेला, आणि त्याच्या पायाशी जी जमीन मोकळी झाली ती म्हणजे कोकण. तुम्ही आत्ता उभे आहात ती वीरची जमीनसुद्धा. या सरकण्याला सहा कोटी वर्षांच्या आसपास झाली. भागाकार करा. वर्षाला एक मिलिमीटर येतो.

हे सरासरीचं माप. प्रत्यक्षात कडा शतकानुशतकं गप्प राहतो आणि मग एका रात्रीत कोसळतो.

पहिलं पाऊल छोटं टाका, तांदळाच्या दाण्याएवढं. २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या आहेत, दुकानांच्या पाट्याच तेवढ्या पाण्यावर दिसतात. संध्याकाळी वर तळिये गावावर डोंगर येतो. ऐंशीहून अधिक माणसं. तुम्ही ओढ्यापलीकडं उभे आहात आणि जिथं घरं होती तिथं लाल चिखल आहे. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथंही हेच झालं होतं. सरासरी हा शब्द इथं तोंडातून निघत नाही. मी हे टाळून पुढं जाऊ शकलो असतो, पण कड्याचं सरकणं म्हणजे काय ते या खोऱ्यातल्या लोकांइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि त्यांना वगळून कड्याची गोष्ट सांगणं मला जमणार नाही.

दोन बोटं मागं. १९९३. रोह्याहून आलेला कोकण रेल्वेचा नवा रूळ वीरपर्यंत पोचला आहे, काही काळ वीर हेच शेवटचं स्टेशन. डोंगर ताजा कापलेला आहे, भिंतीच्या दगडांवर अजून शेवाळ धरलेलं नाही. तुमची गोगलगाय इथं नाही. तिच्या आज्या-पणज्या वरच्या रानात, पाल्याखाली आहेत.

चार बोटं मागं. पन्नासचं दशक आहे आणि तुम्ही दासगावच्या खाडीकाठी आला आहात. समुद्र इथून पुष्कळ लांब, तरी भरतीचं पाणी सावित्रीतून इथवर चढतं. पूर्वी भरती साधून होड्या थेट महाडला लागत. आत्ता सुकती लागली आहे. चिखल उघडा पडला आहे, चिखलाला तो खारट, कुबट, ओळखीचा वास आहे. टोपली कमरेला घेतलेली एक म्हातारी पुढं चालली आहे आणि मागं पोरगी रेंगाळते आहे.

‘बाय, पाणी फिरायच्या आत ये गो!’

पोरगी चिखलात हात घालते. बोटांना कळतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, एक बारीक भोक तेवढं दिसतं, आणि त्याच्याखाली तिसरी बसलेली असते. चिखलाखालून दोन नळ्या वर काढून ती एका नळीनं पाणी आत घेते, दुसरीनं सोडते, आणि मधल्या मधे त्यातलं अन्न गाळून ठेवते. नदी जे आणील ते सगळं तिच्यातून जातं. म्हणूनच पुढं महाडला औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले, तेव्हा या खाडीत काय उतरतं हे सांगायला सर्वांत आधी तिसऱ्याच बसलेल्या होत्या.

पण आत्ता दुसरी गोष्ट बघा. तिसरी शिंपला गच्च मिटते. पावसाळ्यात सावित्रीला लोंढा आला की खाडीचं खारं पाणी मागं रेटलं जातं, सगळं गोडं होतं. खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्याला हे सोसत नाही. पळता येत नाही. मग ती दार लावून घेते आणि थांबते. भरती पुन्हा जोर धरेपर्यंत, पाणी पुन्हा चवीला येईपर्यंत. खाचरातली मोठी पाणगोगलगाय, जिला खायला उघड्या चोचीचे करकोचे येतात, ती हेच उन्हाळ्यात करते: चिखलात खोल जाते, शंखाच्या तोंडावर झाकण ओढते आणि मृगापर्यंत पडून राहते. झाडाखालची, जिला झाकण नसतं, ती आपल्याच चिकट्याचा पापुद्रा दारावर वाळवते. या सगळ्या मऊ अंगाच्या जिवांची एकच विद्या आहे. दार लावणं आणि थांबणं. म्हातारीच्या टोपलीत तिसऱ्या एकमेकींवर आपटून खुळखुळतात.

एक मूठ मागं. २० मार्च १९२७, महाड. दुपारचं ऊन आहे. चवदार तळ्याच्या काठी माणसं येताहेत, हजारोंनी येताहेत, आणि अजब शांततेनं येताहेत. अशा प्रत्येक तळ्यात असतात तशा पाण्याखालच्या पायरीला गोगलगाई चिकटलेल्या आहेत. गुरं इथं पाणी पितात, पक्षी पितात. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही तळं सर्वांना खुलं केलं, तरी या माणसांना या पायरीवर उतरू दिलेलं नाही. बाबासाहेब उतरतात. ओंजळ भरतात. तुम्ही काठावर उभे आहात आणि पाण्याचे वर्तुळाकार तरंग पायरीपर्यंत येऊन त्या शेवाळल्या दगडाला लागताना तुम्हाला दिसतात. ज्या खोऱ्यात गोगलगाईला पाणी मोकळं होतं त्या खोऱ्यात हे घडवावं लागलं.

आता घाट चढा. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर आहे, पण तुम्ही निघालात त्या काळात हा रस्ता नाही. वीतभर मागं आला आहात. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात. पाऊस वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पडतो असा हा माथा. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचे उगम सांगतात. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेकडच्या झाल्या, आणि सावित्री पश्चिमेला थेट कड्यावरून उडी घेते. आज ज्याला आर्थर सीट म्हणतात त्या टोकाला, जुन्या लोकांच्या मढी महालावर उभे राहा. खाली सावित्रीची दरी आहे, आणि धुकं तिच्यातून तुमच्याकडं वर येतं आहे.

कातळ काळा आहे, उभा आहे आणि सबंध ओला आहे. त्यावरून पाणी वाहत नाही, झिरपतं. हात लावा. शेवाळाच्या बारीक थरात बोटाला खडे लागतील. ते खडे नाहीत.

एक उचला. हरभऱ्याएवढा शंख, तपकिरी, जाड कवचाचा. उलटा धरलात तर तोंडावर शिंगासारख्या पातळ पदार्थाचं झाकण. अशी गोगलगाय तुम्ही पाहिलेली आहे, पण इथं नाही. हरिहरेश्वरच्या खडकांवर, भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथं लाट पोचत नाही पण तिचे तुषार पोचतात, तिथं चिकटून बसलेले असे शंख लहानपणी तुम्ही नखानं काढले असतील. समुद्राच्या खडकांवरचं ते कूळ. जगभरच्या किनाऱ्यांवर पसरलेलं. त्या सबंध कुळातली एकच शाखा गोड्या पाण्यात राहते, आणि ती पृथ्वीच्या पाठीवर फक्त सह्याद्रीत आहे.

१८५५ साली एडगर लेयर्ड यांनी महाबळेश्वरच्या डोंगरांतल्या या गोगलगाईचं वर्णन छापलं तेव्हा त्यांनी तिला अमेरिकेतल्या नद्यांत राहणाऱ्या एका कुळात टाकलं. डोंगरातला ओढा, त्यात गोगलगाय, म्हणजे नदीचीच असणार असं वाटणं साहजिक होतं. मग आले विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड. १८३२ चा जन्म, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातली नोकरी, दगड तपासायचं काम आणि शंखांचं वेड. दख्खनचा कातळ पायाखाली घालत फिरताना ते कड्यांना चिकटलेल्या या खड्यांपाशी थांबले. १८६३ मध्ये त्यांनी सह्याद्रीच्या कड्यांवर राहणाऱ्या दोन नव्या मृदुकायांवर निबंध लिहिला आणि त्यातल्या एकीला नाव दिलं क्रेम्नोबेट्स सह्याद्रेन्सिस. ग्रीक भाषेत क्रेम्नोस म्हणजे कडा. क्रेम्नोबेट्स म्हणजे कड्यावर चालणारी. सह्याद्रीतली कडेचालणी! दुर्दैवानं ते नाव आधीच एका माशाला दिलं गेलं होतं, म्हणून १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांना बदलून क्रेम्नोकॉन्कस म्हणावं लागलं, कड्यावरचा शंख. शास्त्राचे नियम मला मान्य आहेत, पण पहिल्या नावात ती चालत होती, दुसऱ्यात नुसती वस्तू झाली, याची चुटपुट लागते.

दीडशे वर्षं मग फारसं कुणी पाहिलं नाही. २०१३ साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे डेव्हिड रीड आणि आपल्याकडचे एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी या शाखेचा पुरा अभ्यास छापला तेव्हा जाती नऊ झाल्या. तीन महाराष्ट्रात, सहा खाली कर्नाटकच्या घाटांत, आणि दोन्हींच्या मधे शेकडो किलोमीटरची रिकामी जागा. सगळ्या जाती ३०० ते १४०० मीटर उंचीच्या पश्चिमाभिमुख कड्यावर, बारमाही झऱ्यांत आणि धबधब्यांच्या तुषारांत. म्हणजे समुद्र सोडला, पण तुषार सोडले नाहीत. वर पठारावर ती जात नाही, खाली कोकणात उतरत नाही. एक ओली रेघ एवढाच तिचा मुलूख.

तुम्ही तिला परत कातळावर ठेवा. जिथून उचलली तिथंच. तिला शेजारच्या घळीत ठेवलंत तर तो तिच्यासाठी परदेश आहे. समुद्रातल्या तिच्या बहुतेक भावंडांची पिल्लं लाटांवर वाहत दूरदूर जातात. इथं वाहून जाणं म्हणजे धबधब्याखाली पडणं. म्हणून ती राहते तिथंच राहते, आणि तिचा झरा म्हणजे तिचं बेट. चारी बाजूंनी समुद्राऐवजी कोरडा दगड आहे एवढाच फरक. बेटावर जन्मलेल्याला जे भय असतं तेच हिला आहे. झऱ्याला वर कुणी पाइप जोडला आणि एक उन्हाळा पाणी कड्यावर आलं नाही, तर त्या झऱ्यापुरतं तिचं कूळ संपलं. त्याची बातमी होत नाही. घाटात रस्ता रुंद करताना सुरुंगानं एक ओली भिंत उडते तेव्हा आपण काय उडवलं हे मोजायला तिथं कुणी नसतं, याचं मला वाईट वाटतं, आणि ते साधं, सरळ वाईट वाटणं आहे.

जाता जाता आणखी दोन नखं मागं या, १८४७. कलकत्त्याला विल्यम बेन्सन नावाचे गृहस्थ मॉरिशसहून आले आहेत. त्यांच्याकडच्या मुठीएवढ्या गोगलगाई मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या. ते शंखांचे मोठे जाणकार, आणि हौसेनं आणलेल्या या गोगलगाई चौरंगीच्या एका बागेत पोचतात. पावणेदोनशे वर्षांनी, २०२२ च्या पावसाळ्यात, लातूर-बीडचे शेतकरी रात्री बॅटरी घेऊन सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवरून त्याच आफ्रिकी गोगलगाई वेचताना दिसतील. मीठ, चुना, गूळ-कोंड्याचं आमिष, सगळं करून दमतील.

याच गोगलगाईवर उतारा म्हणून पॅसिफिकच्या बेटांवर दुसरी आणली, मांसाहारी, गोगलगाई खाणारी. हवाईत १९५५ ला, ताहितीशेजारच्या मूरिया बेटावर १९७७ ला. तिनं मोठ्या आफ्रिकी गोगलगाईंचा पिच्छा सोडून बेटावरच्या नखाएवढ्या, झाडांवर राहणाऱ्या पार्टुला खाल्ल्या. दहा वर्षांत मूरियाच्या रानात जवळजवळ एकही उरली नाही. प्राणिसंग्रहालयांत डब्यांमधून जपलेल्या तेवढ्या वाचल्या. हवाईत एका जातीची शेवटची गोगलगाय १ जानेवारी २०१९ ला प्रयोगशाळेतल्या काचपेटीत मेली. जॉर्ज म्हणत तिला. आयुष्याची कितीतरी वर्षं ती तिच्या जातीत एकटी होती.

आपल्या कड्यावर असं कुणी अजून सोडलेलं नाही. आणि अजून सगळं पाहूनही झालेलं नाही: २०२१ मध्ये आंबोलीच्या रानातून अर्धा शंख पाठीवर वागवणारी एक गोगलगाय शास्त्राला नवी म्हणून समोर आली. निव्वळ नवी जात नव्हे, सबंध प्रजातीच नवी. तिचं नाव वराडिया. माणसांनी भरलेल्या घाटातून इतकी वर्षं ती चालत होती.

आता पुरुषभर मागं. हो, तुमच्या उंचीएवढंच. एकोणीसशे वर्षांत कडा दोन मीटरही हलत नाही. तुम्ही पुन्हा खाली आला आहात, महाडच्या अलीकडं, गांधारपाल्याच्या डोंगरावर, आणि छिन्न्यांचा आवाज येतो आहे. लेणी कोरणं चालू आहे. कुमार काणभोअ वेण्हुपालिताचं दान आहे. शिलालेखात लेणं, चैत्यगृह, भिक्षूंच्या खोल्या आणि पाण्याच्या दोन पोढ्या असा हिशेब लिहिला जाईल. खाली सावित्रीला भरती आहे आणि नावा बंदराकडं येताहेत. पाथरवट कातळ फोडतात तो तुम्ही मघाशी वर पाहिलेल्या कड्याचाच सख्खा दगड. कड्यानं मागं जाताना हा डोंगर असा एकटा टाकून दिला. नव्या खोदलेल्या पोढीत पावसाचं पाणी साठलं आहे. अजून त्यात काहीही नाही. पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर पहिलं शेवाळ येईल, आणि मग कुठून तरी, बगळ्याच्या पायाला लागलेल्या चिखलातून किंवा गळतीच्या ओलीनं, एखादी नखाएवढी पाणगोगलगाय. भिक्षू येण्याआधी की नंतर, कोण जाणे.

वीस मीटर मागं, एका माडाच्या उंचीएवढं. वीस हजार वर्षं. वारा गार आणि कोरडा आहे. जगाचं पाणी बर्फात अडकलं आहे आणि समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली उतरला आहे. बाणकोटला उभे राहून पश्चिमेला पाहिलंत तर समुद्र दिसत नाही. गवताळ माळ, त्यातून वळणं घेत कितीतरी पुढं गेलेली सावित्री. खाडी नाही, तिसऱ्या नाहीत. त्या समुद्राबरोबर पश्चिमेला गेल्या. पावसाळा अशक्त झाला आहे. आणि वर कड्यावर? वर एका घळीत, सावलीत, झरा अजून झिरपतो आहे. त्याच्या भेगेत झाकणं लावलेले हरभऱ्याएवढे शंख एकमेकांना चिकटून बसले आहेत. दार लावणं आणि थांबणं.

इथून पुढं पावलं मोठी टाका. दहा लाख वर्षांना एक किलोमीटर. तुमच्या मागं कोकण मिटत जाईल: पोलादपूर कड्याच्या पोटात जाईल, मग महाड, मग दासगाव. जिथं वीरचा फलाट होता तिथं आता हजार मीटर कातळ आहे. हिमालय खाली बसतो आणि आशिया दूर जातो. तुम्ही एका बेटावर आहात. हो, बेटच. भरतखंड सर्व बाजूंनी समुद्रानं वेढलेलं, विषुववृत्ताकडं सरकत चाललेलं. श्रीलंकेच्या रानातली अकॅव्हस, सेशेल्सवरची स्टायलोडोंटा, मादागास्करची हेलिकोफँटा या आज महासागर मधे घालून बसलेल्या गोगलगाई एकाच घराण्यातल्या मानल्या जातात. त्या न पोहता इतक्या लांब कशा गेल्या हे इथं उभं राहिल्यावर विचारावं लागत नाही. त्या गेल्या नाहीत. जमीन गेली.

आणखी मागं, साडेसहा कोटी वर्षांच्याही पलीकडं. सांभाळा, इथं थांबता येणार नाही. भुई चिरली आहे आणि चिरेतून लाव्हा निघतो आहे. डोंगरातून उसळणारा नव्हे, पुरासारखा, क्षितिजापर्यंत पसरत जाणारा. थरावर थर. यांतल्या काही थरांना पुढं जगभरचे भूवैज्ञानिक पोलादपूर आणि आंबेनळी अशीच नावं देतील. हवाईत, लंडनमध्ये, अमेरिकेत बसून माणसं डायनोसॉरांच्या अंताबद्दल वाद घालतील आणि त्या वादात आपल्या एस.टी.च्या पाटीवरची गावं सतत उच्चारली जातील.

दोन थरांच्या मधे मात्र शांतता असते, हजारो वर्षांची. थंड झालेल्या लाव्ह्याच्या खळग्यांत पाणी साठतं, तळी होतात, त्यांत बेडूक आणि कासवं येतात. तळ्यात बघा: बोटाएवढी लांब, डावऱ्या पिळाची एक पाणगोगलगाय. फायसा. नागपूरजवळ टाकळीला पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी अशा थरांतले शंख गोळा केले आणि १८६० मध्ये त्यांच्यावर लिहिलं. पण ते पुढं. आत्ता ती शेवाळ खाते आहे, आणि क्षितिजावर पुन्हा लाल उजेड दिसतो आहे.

निघा इथून. थोडं पुढं या, तीस-चाळीस लाख वर्षं. लाव्हा थंडावला आहे. पश्चिमेकडचा तुकडा, ज्याला आपण सेशेल्स म्हणू, फाटून दूर चालला आहे आणि मधल्या फटीत समुद्र शिरला आहे. फाटलं तिथं कडा उभा आहे. काळा, कोरा कातळ, त्याच्या पायाशी लाटा. नाव ठेवायला कुणी नाही, म्हणून सह्याद्री नाही, सावित्री नाही. पण माथ्यावर पाऊस पडतो आहे आणि एक ओढा कड्यावरून थेट समुद्रात कोसळतो आहे. अर्ध्या वाटेत वारा त्याचे तुषार करतो. खालून लाटांचे तुषार वर येतात. मधे कातळाचा हातभर पट्टा आहे. जिभेवर घ्या ते पाणी. खारट आहे, मग गोड, मग पुन्हा खारट.

त्या पट्ट्यावर, भेगेच्या कडेला, हरभऱ्याएवढा एक शंख. बोट लावा. शिंग आखडतं, वीरच्या भिंतीवर डोळा आत गेला होता त्याची आठवण व्हावी तसं, आणि झाकण मिटतं. लाट येते, तिचे थेंब कातळावर पसरतात. ती हलत नाही. पुन्हा लाट. मग वारा फिरतो आणि वरच्या ओढ्याचा तुषार बराच वेळ तिच्यावर पडत राहतो.

झाकण किलकिलं होतं. शिंगं बाहेर येतात. तिच्या पुढं कातळावर गोड्या पाण्याचं कोवळं शेवाळ आलेलं आहे, आणि ती त्याच्या दिशेनं वर निघते.